‘क्रिएट’ दाबलं तरी इश्यू तयार होत नाही: जिरामध्ये परत परत येणारी अडचण नेमकी कुठे शोधायची

जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन इश्यूचा, म्हणजे एका कामाच्या किंवा तक्रारीच्या नोंदीचा, फॉर्म सगळा भरून झाला, ‘क्रिएट’ दाबलं आणि फॉर्म जागचा हलला नाही. लाल अक्षरात एकच ओळ दिसते, अमुक फील्ड आवश्यक आहे. ते फील्ड मात्र फॉर्मवर वरपासून खालपर्यंत शोधूनही सापडत नाही. ॲडमिनला कळवलं, त्याने कुठलासा टिक काढला, काम सुरू झालं. काही दिवसांनी दुसऱ्याच प्रोजेक्टमधून हीच तक्रार येते.

असं होतं ते जिराच्या बांधणीमुळे. नवीन इश्यू तयार होताना पाच ठिकाणचे नियम एकदम लागू होतात: परवानग्या, इश्यूचा प्रकार, स्क्रीन, फील्ड कॉन्फिगरेशन आणि वर्कफ्लो (इश्यू कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जातो त्याची आखणी). हे नियम स्कीममध्ये, म्हणजे प्रोजेक्टना जोडायच्या नियमांच्या संचात, बांधलेले असतात आणि एकच स्कीम अनेक प्रोजेक्टना जोडलेली असते. एका टीमच्या सोयीसाठी केलेला बदल दुसऱ्या टीमचा फॉर्म अडवतो तो यामुळेच. त्यामुळे पाचांपैकी अडथळा कोणत्या ठिकाणी आहे हे आधी ठरवा, आणि त्या स्कीमला हात लावण्याआधी ती आणखी कोणकोणते प्रोजेक्ट वापरतात ते पाहा. तक्रार आली की घाईने टिक काढणं हा उपाय नाही. बहुतेक वेळा पुढच्या तक्रारीची सुरुवात तिथूनच होते.

जिराच्या क्लाउड आवृत्तीत (ती बनवणारी ॲटलासियन कंपनी स्वतः चालवते ती) आता इश्यूला ‘वर्क आयटम’ म्हणतात; इथे जुनाच शब्द ठेवला आहे. स्कीमबद्दल जे लिहिलं आहे ते कंपनी-मॅनेज्ड, म्हणजे ॲडमिनच्या सामायिक सेटिंगवर चालणाऱ्या, प्रोजेक्टसाठी आहे. टीम-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये स्कीम सामायिक नसतात. तिथे फील्ड आवश्यक आहे की नाही हे त्याच प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये, इश्यूच्या प्रकाराखाली ठरतं, त्यामुळे शोध तिथेच संपतो.

आधी खरा संदेश मिळवा

‘इश्यू होत नाहीये’ एवढ्या माहितीवर काहीच ठरत नाही. तक्रार करणाऱ्याकडून चार गोष्टी घ्या: प्रोजेक्टची की (इश्यूच्या क्रमांकाआधीची अक्षरं), इश्यूचा प्रकार, संदेशाचे जसेच्या तसे शब्द आणि वेळ. प्रोजेक्ट आणि प्रकार मुद्दाम विचारा, कारण फॉर्म उघडताना मागच्या वेळचा प्रोजेक्ट आपोआप निवडलेला असू शकतो. लोक भलत्याच प्रोजेक्टचा फॉर्म भरत बसतात आणि आपलं फील्ड गायब झालं असं समजतात.

फॉर्मवर संदेश दिसत नसेल, नुसतंच चाक फिरत असेल, तर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा आणि मग ‘क्रिएट’ दाबा. लाल झालेली ओळ निवडून ‘रिस्पॉन्स’ बघा. कोड ४०० असेल तर भरलेल्या माहितीत खोट आहे. त्या उत्तरात ‘एरर्स’ नावाचा भाग असतो आणि त्यात फील्डचा आयडी व त्याची तक्रार जोडीने दिलेली असते. ४०१ म्हणजे लॉगिन संपलं. ४०३ असेल तर परवानगी नाही, किंवा सुरक्षा टोकनची (फॉर्म खरोखर तुमच्याच पानावरून आला हे पटवणाऱ्या सांकेतिक मजकुराची) तपासणी फसली. टॅब तासन्‌तास उघडा ठेवून मग फॉर्म पाठवला की टोकनची अडचण येते. मजकूर कॉपी करून पान ताजं करा. स्वतःच्या सर्व्हरवर रिव्हर्स प्रॉक्सीमागे (विनंत्या पुढे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे) जिरा चालवत असाल आणि ही तक्रार सगळ्यांचीच असेल, तर जिरा ज्यावर चालतं त्या टॉमकॅट सर्व्हरच्या कनेक्टरमधलं प्रॉक्सीचं नाव, पोर्ट आणि स्कीम (इथे याचा अर्थ http किंवा https) ही तीन मूल्यं बेस यूआरएलशी, म्हणजे जिराच्या मूळ पत्त्याशी, जुळतात का ते तपासा.

फील्ड आवश्यक आहे, पण फॉर्मवर नाही

सगळ्यात जास्त तक्रारी याच जातीच्या असतात, म्हणून ही नीट समजून घेऊ.

फील्ड दिसावं की नाही आणि ते भरलंच पाहिजे की नाही, या दोन गोष्टी जिरा दोन वेगळ्या ठिकाणी ठरवतं. दिसण्याचा मार्ग असा: प्रोजेक्टला इश्यू टाइप स्क्रीन स्कीम जोडलेली असते, ती प्रत्येक प्रकारासाठी एक स्क्रीन स्कीम निवडते, आणि स्क्रीन स्कीम ‘तयार करणे’, ‘बदलणे’ आणि ‘पाहणे’ या तीन कामांसाठी तीन वेगळ्या स्क्रीन देऊ शकते. सक्तीचा मार्ग निराळा: प्रोजेक्टला फील्ड कॉन्फिगरेशन स्कीम, तिच्यात प्रकारानुसार फील्ड कॉन्फिगरेशन, आणि त्यात प्रत्येक फील्डपुढे ‘आवश्यक’ किंवा ‘लपवलेलं’ अशी नोंद. हे दोन मार्ग एकमेकांना काही विचारत नाहीत. फील्ड आवश्यक करताना ते स्क्रीनवर आहे का, हे जिरा तपासत नाही.

समजा कोणीतरी ‘ग्राहक क्रमांक’ हे फील्ड आवश्यक केलं आणि बगच्या स्क्रीनवर घातलं. तेच फील्ड कॉन्फिगरेशन टास्क आणि सबटास्कलाही लागू होतं, पण त्यांच्या स्क्रीन वेगळ्या आहेत. बग तयार होतात, त्यामुळे बदल करणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. टास्क आणि सबटास्क मात्र त्याच क्षणापासून बंद.

तपासायचं असं. ॲडमिनच्या ‘इश्यूज’ भागात जाऊन त्या प्रोजेक्टची फील्ड कॉन्फिगरेशन स्कीम उघडा आणि तक्रारीतल्या प्रकाराला कोणतं कॉन्फिगरेशन लागू आहे ते पाहा. प्रकाराची वेगळी ओळ नसेल तर जे मूळ कॉन्फिगरेशन असतं तेच लागू होतं, हे विसरू नका. त्यात संदेशातलं फील्ड शोधा. मग त्याच प्रकाराची ‘तयार करणे’ची स्क्रीन उघडा. फील्ड फक्त ‘बदलणे’च्या स्क्रीनवर असेल तर त्याचा इथे उपयोग नाही. फील्ड स्क्रीनवर आहे आणि तरी दिसत नाही, असं झालं तर कस्टम फील्डचा कॉन्टेक्स्ट बघा. कॉन्टेक्स्ट ठराविक प्रोजेक्ट किंवा प्रकारांपुरता बांधलेला असेल तर बाकीच्यांना ते फील्ड दिसत नाही. जिरामध्ये फील्ड शोधून देणारा मदतनीसही आहे. फील्ड का दिसत नाही याचं कारण तो स्क्रीन, कॉन्फिगरेशन आणि कॉन्टेक्स्ट यांच्यासकट सांगतो.

दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत. त्या प्रकाराला ते फील्ड खरोखर हवं असेल तर स्क्रीनवर घाला. नको असेल तर मूळ कॉन्फिगरेशनमधली सक्ती काढू नका, नाहीतर ज्यांना ती हवी होती त्यांचा डेटा रिकामा येऊ लागेल. कॉन्फिगरेशनची कॉपी करा, कॉपीत ते फील्ड ऐच्छिक करा आणि स्कीममध्ये त्या प्रकारापुढे ही कॉपी जोडा. स्कीम इतर प्रोजेक्ट वापरत असतील तर स्कीमचीही कॉपी लागेल. पाच मिनिटं जास्त जातात, पण पुन्हा तक्रार येत नाही.

याच गटातले दोन उपप्रकार ओळखून ठेवण्यासारखे आहेत. पहिला, ‘कंपोनंट’ किंवा ‘फिक्स व्हर्जन’ आवश्यक असतं आणि नवीन प्रोजेक्टमध्ये एकही कंपोनंट बनवलेला नसतो. फील्ड दिसतं, पण यादीत निवडायला काहीच नसतं. जुन्या प्रोजेक्टची सेटिंग वापरून नवीन प्रोजेक्ट काढला की हे हमखास होतं, कारण सक्ती सोबत येते आणि कंपोनंटची यादी येत नाही. दुसरा, एकाच नावाची दोन कस्टम फील्ड. जिरा तसं करू देतं. स्क्रीनवर ‘सिव्हिअरिटी’ आहे, ती भरलेली आहे, तरी ‘सिव्हिअरिटी आवश्यक आहे’ असा संदेश येतो, कारण आवश्यक केलेली सिव्हिअरिटी दुसरीच आहे. कस्टम फील्डच्या यादीत नाव शोधा आणि दोन्हींचे आयडी क्रमांक ताडून बघा. ‘नेटवर्क’ टॅबमध्ये आलेला आयडी इथे उपयोगी पडतो.

तक्रार एकाच माणसाची असेल आणि फील्ड ऐच्छिक असेल, तर स्कीम उकरण्याआधी त्याच्या फॉर्मवरचं ‘कॉन्फिगर फील्ड्स’ बटण बघा. तिथे ज्याने त्याने स्वतःपुरती फील्ड लपवलेली असू शकतात.

तारांकन नसलेलं, तरीही सक्तीचं

फील्डशेजारी लाल तारांकन नाही, संदेश मात्र येतो, आणि त्या संदेशाची भाषा नेहमीच्या साच्यातली वाटत नाही. असं असेल तर वर्कफ्लो उघडा. तारांकन फील्ड कॉन्फिगरेशनमुळे लागतं. वर्कफ्लोतल्या व्हॅलिडेटरमुळे (भरलेली माहिती तपासणाऱ्या नियमामुळे) लागत नाही. वर्कफ्लोच्या सुरुवातीच्या ‘क्रिएट’ ट्रान्झिशनवर (स्थिती बदलणाऱ्या पायरीवर) क्लिक करून व्हॅलिडेटर वाचा. त्या ट्रान्झिशनला कंडिशन लावता येत नाहीत (अजून अस्तित्वात नसलेल्या इश्यूवर अट कशी तपासणार?), त्यामुळे पाहायचं ते व्हॅलिडेटर आणि पोस्ट फंक्शन (त्या पायरीवर आपोआप होणारी कामं).

पोस्ट फंक्शनचा क्रमही तिथेच पाहून घ्या. फील्डमध्ये मूल्य भरणारं फंक्शन ‘इश्यू मूळ स्वरूपात तयार करतो’ या ओळीच्या आधी हवं. नंतर ठेवलं तर इश्यू तयार होतो, पण ते मूल्य जतन होत नाही आणि नियम अधूनमधून चालत नाही असं लोकांना वाटत राहतं.

बटणच नाही, किंवा प्रोजेक्ट यादीत नाही

हा परवानगीचा प्रश्न. परमिशन स्कीममध्ये ‘क्रिएट इश्यूज’ कोणाला दिली आहे ते पाहा. ती बहुधा प्रोजेक्ट रोलला (प्रोजेक्टमधल्या भूमिकेला) दिलेली असते आणि नवा माणूस त्या रोलमध्ये टाकायचा राहिलेला असतो. ॲडमिनसाठी ‘परमिशन हेल्पर’ आहे. माणूस, इश्यू आणि परवानगी निवडली की ती मिळते की नाही आणि का, हे तो सांगतो. अंदाज बांधत बसू नका. प्रोजेक्ट आर्काइव्ह केलेला असेल तर परवानगी देऊनही नवीन इश्यू होणार नाही.

काही परवानग्या फॉर्ममधल्या एकेका फील्डपुरत्या असतात. अंतिम तारीख भरायला ‘शेड्यूल इश्यूज’, दुसऱ्याच्या नावाने इश्यू टाकायला ‘मॉडिफाय रिपोर्टर’, सुरक्षा पातळी निवडायला ‘सेट इश्यू सिक्युरिटी’. आणि ज्याच्यावर काम सोपवायचं त्याच्याकडे ‘असाइनेबल युजर’ हवी. इथे इश्यू टाकणाऱ्याची परवानगी तपासत बसण्यात उगाच वेळ जातो.

तयार झाला, पण सापडत नाही

इश्यू गेला कुठे, या प्रश्नाचं उत्तर बहुधा बोर्डात असतं. बोर्ड म्हणजे एका फिल्टरचं चित्र. फिल्टरमध्ये तो प्रकार किंवा ते लेबल नसेल, किंवा इश्यूची पहिली स्थिती कोणत्याही कॉलमला जोडलेली नसेल, तर इश्यू असूनही दिसत नाही. क्रमांकाने थेट उघडून बघा. क्रमांकानेही उघडत नसेल तर ‘ब्राउझ प्रोजेक्ट्स’ परवानगी नाही, किंवा सुरक्षा पातळी आपोआप लागून तुम्हीच बाहेर राहिला आहात.

इश्यू दिसला नाही म्हणून लोक तोच पुन्हा टाकतात. दुहेरी नोंदींचा मोठा वाटा असा येतो.

एपीआयमधून टाकताना

एपीआय म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने जिराशी थेट बोलण्याचा मार्ग. इश्यू यशस्वीपणे तयार झाल्यावर कोड २०१ येतो. ‘हे फील्ड सेट करता येत नाही, ते योग्य स्क्रीनवर नाही किंवा माहीत नाही’ अशा अर्थाचा ४०० आला, तर वर सांगितलेलाच स्क्रीनचा प्रश्न आहे. एपीआयलाही ‘तयार करणे’ची स्क्रीन लागू होते, हे अनेकांना ठाऊक नसतं. फील्ड स्क्रीनवर नसेल तर स्क्रिप्टमधूनही भरता येत नाही.

कोणती फील्ड चालतील आणि कोणती लागतील हे स्क्रिप्टमध्ये पक्कं लिहून ठेवू नका. ‘क्रिएटमेटा’ला (ही माहिती देणाऱ्या एपीआयच्या पत्त्याला) विचारा: आधी प्रोजेक्टचे प्रकार, मग एका प्रकाराची फील्ड. सगळं एकदम देणारा जुना क्रिएटमेटा पत्ता डेटा सेंटरच्या (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या जिराच्या) ९.० आवृत्तीत काढून टाकला आहे. आवृत्ती वाढवल्यानंतर स्क्रिप्ट बंद पडली असेल तर पहिला संशय इथे घ्या.

क्लाउडवर एपीआयच्या तिसऱ्या आवृत्तीत वर्णन साधा मजकूर म्हणून चालत नाही, ते ॲटलासियन डॉक्युमेंट फॉरमॅटमध्ये द्यावं लागतं. दुसऱ्या आवृत्तीत साधा मजकूर चालतो. माणूस ओळखायला क्लाउडवर अकाउंट आयडी लागतो, डेटा सेंटरवर युजरनेम. त्यामुळे एकाची स्क्रिप्ट दुसऱ्यावर जशीच्या तशी चालत नाही.

क्लाउडच्या बल्क पत्त्यावर एका वेळी ५० इश्यू टाकता येतात. इथे एक फसवणूक आहे: ५० पैकी एक जरी तयार झाला तरी कोड २०१ येतो. त्यामुळे नुसता कोड पाहून पुढे जाऊ नका, उत्तरातली ‘एरर्स’ यादी वाचा आणि अडलेले तेवढेच परत पाठवा. टाइमआउट झाल्यावर डोळे झाकून पुन्हा पाठवलं की दुहेरी इश्यू होतात, कारण पहिली विनंती पोहोचलेली असू शकते. मूळ प्रणालीतला क्रमांक इश्यूच्या एका फील्डमध्ये किंवा लेबलमध्ये ठेवा आणि परत पाठवण्याआधी तो शोधा. नुकताच तयार झालेला इश्यू शोधात यायला थोडा वेळ लागतो, म्हणून शोधाआधी थोडं थांबा.

लांबीच्या मर्यादा: सारांश २५५ अक्षरं आणि एकाच ओळीत. वर्णनाची मूळ मर्यादा ३२,७६७ अक्षरं. लॉगची फाइल वर्णनात चिकटवली की ती सहज ओलांडते. लॉग जोडपत्र म्हणून द्या. लेबलमध्ये मोकळी जागा चालत नाही.

सीएसव्हीमधून आणताना

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेली साधी फाइल. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरपद्धती) मध्ये नाही. एक्सेलमध्ये जतन करताना साधा सीएसव्ही न निवडता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. एकदा प्रश्नचिन्हं होऊन जतन झालेली फाइल परत सुधारत नाही, मूळ शीटवरूनच पुन्हा काढा.

तारखेच्या साच्यात महिन्यासाठी कॅपिटल एम लिहायचे असतात. स्मॉल एम म्हणजे मिनिटं. साचा चुकला तरी आयात अडत नाही, म्हणून ही चूक उशिरा लक्षात येते: १५/०८/२०२४ ही तारीख १५ जानेवारी २०२४, रात्री बारा वाजून आठ मिनिटं अशी वाचली जाते. सगळ्या अंतिम तारखा जानेवारीत पडल्या असतील तर दुसरं काही शोधू नका.

सारांशाच्या खान्यात ऑल्ट-एंटर दाबून नवीन ओळ घातलेली असेल तर ती नोंद नाकारली जाते. अंदाजित वेळ सेकंदांत द्या, दोन तासांसाठी ७२००. एका फील्डमध्ये अनेक मूल्यं हवी असतील तर त्याच शीर्षकाचे अनेक कॉलम ठेवा. सबटास्कसाठी इश्यू आयडी आणि पॅरेंट आयडी असे दोन कॉलम लागतात.

मेलमधून येणारे इश्यू अचानक थांबले

मेल वाचून त्याचा इश्यू करणाऱ्या हँडलरला फॉर्म दिसत नाही, त्यामुळे नव्याने सक्तीचं केलेलं कस्टम फील्ड तो भरू शकत नाही. इश्यू होत नाही आणि पाठवणाऱ्याला काही कळतही नाही; नोंद फक्त लॉगमध्ये राहते. ज्या दिवसापासून मेल थांबले त्या दिवसाचा ऑडिट लॉग बघा, कोणी काय बदललं ते सापडेल. विषयात जुन्या इश्यूचा क्रमांक असेल तर नवीन इश्यूऐवजी त्या जुन्यावर कॉमेंट पडते, हेही तपासा.

इतर साधनांबद्दल थोडक्यात

गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर फोर्क केलेल्या, म्हणजे दुसऱ्याच्या कोडची प्रत काढून बनवलेल्या, रिपॉझिटरीत इश्यू मुळात बंद असतात. सेटिंगमध्ये चालू करा. ते बंद असताना एपीआय ४१० देतो. पुश परवानगी नसलेल्याने एपीआयमधून लेबल किंवा असाइनी पाठवले तर इश्यू होतो, पण ती माहिती न सांगता टाकून दिली जाते. इश्यूचं टेम्प्लेट (तयार साचा) डिफॉल्ट ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, नसेल तर ते दिसत नाही.

रेडमाइन या जिरासारख्याच साधनात ‘न्यू इश्यू’ नसेल तर तीन गोष्टी बघा: प्रोजेक्टला इश्यू ट्रॅकिंग मॉड्यूल आणि किमान एक ट्रॅकर (इश्यूचा प्रकार) जोडलेला आहे का, रोलला इश्यू टाकण्याची परवानगी आहे का. एपीआयमधून टाकायचे असतील तर ॲडमिनच्या सेटिंगमध्ये आरईएसटी सेवा वेगळी चालू करावी लागते. डेटाबेस मायएसक्यूएल असेल आणि मराठी मजकूर चालतो पण इमोजी घातल्यावर अंतर्गत एरर येतो, तर कारण अक्षरांच्या आकारात आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, इमोजी ४. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ ३ बाइटांवरच थांबतो. बॅकअप घ्या आणि टेबलं ‘यूटीएफ८एमबी४’मध्ये बदला.

नवीन फील्ड आवश्यक करण्याआधी

ते फील्ड कॉन्फिगरेशन कोणत्या स्कीममध्ये आणि त्या स्कीम कोणत्या प्रोजेक्टमध्ये आहेत याची यादी काढा. प्रत्येक प्रोजेक्टमधला प्रत्येक प्रकार, सबटास्क धरून, एकदा स्वतः तयार करून बघा. ॲडमिनच्या खात्यातून नको, साध्या सदस्याच्या खात्यातून. मेल आणि एपीआयमधून येणाऱ्यांची एकेक चाचणी घ्या. जुने इश्यूही पाहा: ‘बदलणे’च्या स्क्रीनवर ते फील्ड असेल, तर वर्षापूर्वीच्या इश्यूत शुद्धलेखन सुधारतानाही जिरा ते फील्ड मागू शकतं. फक्त नवीन इश्यूपुरतीच सक्ती हवी असेल तर फील्ड ऐच्छिक ठेवा, स्क्रीनवर घाला आणि ‘क्रिएट’ ट्रान्झिशनवर व्हॅलिडेटर लावा. व्हॅलिडेटरच्या संदेशात फील्डचं नाव आणि ते कुठे भरायचं हे स्पष्ट लिहा, कारण तारांकन तिथे नसेल.